परत निघालेल्या पक्ष्यांबद्दल तुमचे प्रश्न

वसंताची चाहूल लागली की या सदराकडे पक्ष्यांवरचे प्रश्न एकदम वाढतात. यंदा इतके आलेत की बाकी सगळे विषय पुढच्या अंकावर ढकललेत आणि ही सगळी पानं पक्ष्यांनाच दिलीत. एक सांगून ठेवते, खाली जिथे जिथे वसंत म्हटलंय तिथे उत्तर गोलार्धातला वसंत धरा, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे.

प्रश्न: ताई, मी हिवाळा सुरू झाल्यापासून दर रविवारी सकाळी तळ्यावर जातेय. सगळे म्हणतात वसंतात स्थलांतर बघायला खूप मजा येते, पण मला तर उलट पक्षी कमीच होताना दिसतायत. माझं काही चुकतंय का?

उत्तर: काहीच चुकत नाहीये. तुम्ही जे बघताय तेच स्थलांतर आहे. होतं काय, या विषयावरचं बरंचसं लिखाण थंड देशातल्या लोकांनी केलेलं असतं, त्यांच्याकडे वसंत म्हणजे पक्षी येण्याचा काळ, बर्फ वितळतं, तळी मोकळी होतात आणि आधी बदकं, बगळे, शिकारी पक्षी आणि मग किडे खाणारे छोटे पक्षी असे एकामागून एक हजर होतात. पण पक्षी जिथे हिवाळा काढतात तिथे हेच दिवस त्यांच्या निघण्याचे असतात. एकच प्रवास आहे, तुम्ही त्याच्या सुरुवातीच्या टोकाला उभ्या आहात एवढंच.

आणि मला विचाराल तर निघतानाचे पक्षी बघणं जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यात तयारी दिसते. एकच पाणलावा पंधरा मिनिटं नुसता बघत बसा, जानेवारीत तो मधेच एका पायावर उभा राहून डुलकी काढायचा तो आता चोच चिखलातून वर काढायलाच तयार नसतो. दिवस मोठा होतोय हे त्यांच्या शरीराला कळतं, त्यावरून आतली संप्रेरकं बदलतात आणि भूक प्रचंड वाढते, काही छोटे पक्षी तर निघेपर्यंत वजन जवळजवळ दुप्पट करतात. बदकांमध्ये नरांचं डोकं वरखाली करणं, माद्यांभोवती घिरट्या घालणं सुरू होतं, कारण अनेक बदकांच्या जोड्या निघायच्या आधीच जमलेल्या असतात.

आता एक बदल करून बघा. तुम्ही सकाळी जाताय, ते सोडू नका, पण पंधरा दिवसांतून एकदा तरी संध्याकाळी जा आणि अंधार पडेपर्यंत थांबा. चिखलातले पक्षी आणि बदकं बरेचदा सूर्यास्ताच्या आसपास निघतात. आधी एका कोपऱ्यात कलकलाट वाढतो, मग वीस-पंचवीस पक्षी उडतात, गोल फिरतात, त्यातले चार-पाच परत खाली येऊन बसतात, बाकीचे अजून वर जातात, रांग धरतात आणि मग ती रांग वाकत वाकत उत्तरेकडे लहान होत जाते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कळलंच नव्हतं की हे पक्षी आता परत येणार नाहीयेत, वाटलं रोजचीच फेरी असेल. दुसऱ्या दिवशी ती जागा रिकामी होती, तेव्हा उलगडलं.

प्रश्न: मी गेली दोन वर्षं पक्षी बघतोय, बऱ्यापैकी ओळखायला शिकलोय असं वाटत होतं, पण मार्चमध्ये सगळंच गडबडतं. ओळखीचा पक्षीसुद्धा वेगळा दिसतो. नवीन जात आली म्हणून नोंद करतो आणि मग जाणकार सांगतात की अहो हा तोच आहे.

उत्तर: हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण याचा अर्थ तुम्ही खरंच नीट बघताय. ज्याला फरकच दिसत नाही त्याची गडबड होत नाही.

वसंतात पक्षी कपडे बदलतात आणि ते दोन पद्धतीने. एक म्हणजे जुनी पिसं गळून नवी येणं. हिवाळ्यात राखाडी दिसणारा, लांब चोचीने चिखलात खाणं शोधणारा गॉडविट वसंतात विटकरी लाल व्हायला लागतो, कर्ल्यू सँडपायपर तर पोटापासून गळ्यापर्यंत तांबूस होतो, आणि हे एका रात्रीत होत नाही, मधले तीन-चार आठवडे पक्षी ठिगळं लावल्यासारखा दिसतो, अर्धा राखाडी अर्धा लाल, आणि गाईडमध्ये त्या अवस्थेचं चित्र बहुतेक नसतंच. काळ्या डोक्याचा गल (कुरव) हिवाळ्यात जवळजवळ पांढऱ्या डोक्याचा असतो, डोळ्यामागे फक्त एक काळा ठिपका, तोच ठिपका पसरत जाऊन वसंतात पूर्ण टोपी होते. रफ नावाच्या चिखलातल्या पक्ष्याच्या नराच्या मानेभोवती पिसांची झालर येते, पण ती बहुतेक वेळा पुढच्या मुक्कामांवर पुरी होते म्हणून हिवाळी जागांवर अर्धवटच दिसते.

दुसरी पद्धत जास्त लक्षात येत नाही, ती म्हणजे झिजणं. पिसांच्या फिक्या कडा हळूहळू झिजतात आणि खालचा गडद रंग उघडा पडतो. यासाठी लांब जायला नको, चिमण्या बघा, हिवाळ्यात नराच्या गळ्याखालचा काळा पट्टा राखाडी कडांमागे झाकलेला असतो आणि वसंतात तोच पट्टा काळाभोर आणि मोठा दिसतो. एकही नवीन पीस आलेलं नसतं.

पिवळ्या धोब्यावर जरा जास्त बोलते, कारण माझ्या मते वसंतात शिकायला याच्यापेक्षा चांगला पक्षी नाही. हिवाळ्यात हे सगळे सारखेच, मळकट हिरवे-पिवळे, भुवया अंधुक. मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या नरांची डोकी रंगतात आणि एकाच थव्यात चार वेगळ्या डोक्यांचे पक्षी निघतात, कुणाचं निळसर राखाडी आणि वर पांढरी भुवई, कुणाचं गडद राखाडी आणि भुवई जवळजवळ नाहीच, कुणाचं चक्क काळं. या पोटजाती आहेत आणि प्रत्येकीचा उन्हाळ्याचा प्रदेश वेगळा, काळ्या डोक्याचा बाल्कन ते मध्य आशियाच्या बाजूला जाणार, गडद राखाडी डोक्याचा पार स्कँडिनेव्हिया-सैबेरियाच्या बाजूला. म्हणजे पाच महिने एकाच कुरणात एकत्र चरलेले पक्षी कुठून कुठून आलेत ते निघायच्या तोंडावर कळतं. माद्या आणि लहान पक्षी मात्र तरीही ओळखणं अवघड, तिथे सरळ 'पिवळा धोबी' एवढंच लिहा, पोटजातीचा हट्ट धरू नका.

तर गोंधळ झाला की रंगावरून नजर काढा आणि आकार बघा, चोचीची लांबी डोक्याच्या तुलनेत किती, पाय किती लांब, चालतो कसा, शेपटी हलवतो का. रंग बदलतो, चोच बदलत नाही.

प्रश्न: कुठल्या वेळी जावं? आणि हवामानाचा काही संबंध असतो का? कधी कधी एकाच जागी सोमवारी पन्नास पक्षी आणि मंगळवारी पाच.

उत्तर: संबंध आहे, आणि तो कळला ना की तुमच्या अर्ध्या फेऱ्या फुकट जाणार नाहीत.

छोटे पक्षी बहुतेक रात्री उडतात. रात्री हवा थंड आणि स्थिर असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. त्यामुळे सकाळी तुम्हाला काय दिसणार ते रात्रीच ठरलेलं असतं. रात्रभर दक्षिणेकडून वारा, आकाश मोकळं, तर पक्षी निघतात, तुमच्याकडचे जातात आणि मागचे येतात. रात्रीच मधे पाऊस किंवा समोरून जोराचा वारा आला की उडत असलेले पक्षी मिळेल त्या जागी उतरतात. अशा पावसानंतरच्या सकाळी एखाद्या साध्या झुडपात दहा जातींचे छोटे पक्षी दिसू शकतात, समुद्रकिनाऱ्याजवळ तर जास्तच, कारण पाणी ओलांडून दमून आल्यावर पहिली हिरवी जागा तीच असते. तुमचे सोमवारचे पन्नास बहुतेक असेच अडकलेले होते, रात्री वारा फिरला आणि ते गेले.

वाऱ्याची मदत किती मोठी असते बघा. ओनॉन नावाचा एक कुक्कू (कोकिळेच्या कुळातला पक्षी) होता, मंगोलियात त्याला २०१९ मध्ये सॅटेलाइट टॅग, म्हणजे उपग्रहावरून तो कुठे आहे ते कळवणारं छोटं यंत्र, लावला होता. २०२० च्या वसंतात तो आफ्रिकेतल्या झांबियातून परत निघाला, अरबी समुद्र सलग ओलांडून मे महिन्याच्या सुरुवातीला भारतात पोचला आणि पुढे मंगोलियाला गेला, १२,००० किलोमीटरहून जास्त प्रवास, आणि समुद्रावर त्याला पाठीमागून वारा मिळाला होता.

पण सगळेच वारा शोधत नाहीत. पट्टकदंब हंस वसंतात हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जातात, तेव्हा वाटतं दुपारी डोंगरावर चढणाऱ्या वाऱ्याचा फायदा घेत असतील. टॅग लावून बघितलं तर उलटंच निघालं, ते रात्री आणि पहाटे चढतात, कारण थंड हवा दाट असते आणि दाट हवेत पंखांना आधार मिळतो. सात-आठ तासांत चढ पार. सात हजार मीटरच्या थोडं वर गेल्याच्या नोंदी आहेत, पण जमेल तिथे ते जमिनीला धरून खालूनच जातात, उगाच उंची गाठत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर छोट्या पक्ष्यांसाठी सूर्योदयापासूनचे दोन-तीन तास. गरुड, बाज, करकोचे यांच्यासाठी लवकर उठायची घाई नको, जमीन तापून गरम हवा वर चढायला लागली की ते वर येतात, म्हणजे साधारण नऊ-दहानंतर. त्यांना रुंद समुद्रावर ही गरम हवा मिळत नाही म्हणून ते अरुंद जागा शोधून पार होतात, तुर्कस्तानातली बॉस्फरस सामुद्रधुनी, स्पेनजवळचं जिब्राल्टर, इस्रायलमधलं ऐलात अशा ठिकाणी त्यामुळेच एवढी गर्दी होते, ऐलातला फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चच्या सुरुवातीला स्टेपी गरुड जातात ते बघायला लोक मुद्दाम जातात. समुद्रकिनाऱ्यावर जाणार असाल तर घड्याळ नाही, भरती बघा, भरतीच्या दोन तास आधी पोचून बसा, पाणी वाढत जातं तसे पक्षी आपोआप तुमच्याकडे ढकलले जातात आणि तुम्हाला हलावं लागत नाही.

प्रश्न: सगळे गेले आणि आमच्या खाडीवर पाच-सहा कर्ल्यू राहिलेत. ते जखमी आहेत का? वनखात्याला कळवू का?

उत्तर: बहुतेक ते तरुण आहेत. मोठ्या पाणपक्ष्यांमध्ये, कर्ल्यू असो की गॉडविट, पहिल्या वर्षीचे पक्षी अनेकदा परत जातच नाहीत, विणीचं वय झालेलं नसतं तर एवढ्या लांब जाऊन करणार काय, म्हणून ते हिवाळी जागेवरच उन्हाळा काढतात. त्यांची पिसंही फिकी, झिजलेली दिसतात त्यामुळे आजारी वाटतात. एक पंख लोंबतोय, पक्षी उडूच शकत नाहीये असं दिसलं तरच कळवा. नाहीतर त्यांना राहू द्या, आणि आकडा मात्र लिहून ठेवा.

प्रश्न: उत्तरेकडे जायचंय हे पक्ष्याला कसं कळतं? म्हणजे शरद ऋतूत दक्षिणेकडे आणि वसंतात उत्तरेकडे, आकाश तर तेच असतं ना.

उत्तर: अगदी हाच प्रश्न स्टीफन एमलेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात विचारला होता. त्याने इंडिगो बंटिंग नावाचे छोटे निळे पक्षी तारांगणात नेले. प्रत्येक पक्षी एका नरसाळ्यासारख्या पिंजऱ्यात, तळाला शाईचा पॅड आणि भिंतींना कोरा कागद. स्थलांतराच्या दिवसांत पिंजऱ्यातले पक्षीसुद्धा रात्री अस्वस्थ होऊन उड्या मारतात, या अस्वस्थतेला जर्मन भाषेत त्सुगुनरूहे असा शब्दच आहे, तर ज्या बाजूला उड्या त्या बाजूच्या कागदावर शाईचे पाय उमटणार. मग त्याने दिव्यांच्या तासांमध्ये फेरफार करून काही पक्ष्यांचं शरीर वसंतात असल्यासारखं केलं आणि काहींचं शरद ऋतूत असल्यासारखं, आणि दोघांना एकच आकाश दाखवलं. वसंतवाले उत्तरेकडे उड्या मारत होते आणि शरदवाले दक्षिणेकडे.

म्हणजे तारे होकायंत्रासारखे, कुठल्या बाजूला जायचं ते शरीर सांगतं. आणि तारेसुद्धा जन्मतः पाठ नसतात, पिल्लं रात्रीच्या आकाशाचा न फिरणारा बिंदू बघून शिकतात, एमलेनने काही पिल्लांना आर्द्रा ताऱ्याभोवती फिरणारं आकाश दाखवून वाढवलं तर त्यांनी त्यालाच उत्तर धरलं. याशिवाय पृथ्वीचं चुंबकत्व, सूर्य, ओळखीच्या नद्या-डोंगर हे सगळं असतंच, एका गोष्टीवर ते अवलंबून नसतात.

प्रश्न: आमच्या पक्षीग्रुपमध्ये एकाशी माझं भांडण झालं. तो थव्याच्या अगदी जवळ जातो आणि सगळे एकदम उडाले की फोटो काढतो. म्हणतो, पक्षी आहेत, उडणारच, परत बसतात की. मी जास्तच भावनिक होतेय का?

उत्तर: नाही, तुम्ही बरोबर आहात, आणि मी हे जरा सविस्तर लिहिते म्हणजे तुम्हाला ते त्यांना वाचायला देता येईल.

२००७ च्या मार्चमध्ये ई-७ असा क्रमांक दिलेली एक गॉडविट मादी न्यूझीलंडहून निघाली आणि कुठेही न थांबता चीनच्या किनाऱ्यापर्यंत गेली, १०,००० किलोमीटरपेक्षा जास्त, साधारण आठवडाभर सलग. खाणं नाही, पाणी नाही, बसणं नाही. हे पक्षी निघतात तेव्हा शरीराचं अर्ध्याहून जास्त वजन चरबीचं असू शकतं आणि जठर, आतडी यांच्यासारखे तेव्हा न लागणारे अवयव आकसून लहान झालेले असतात, वजन वाचवण्यासाठी. चीनच्या चिखलात उतरल्यावर ती काही आठवडे फक्त खात होती आणि मग अलास्काला गेली.

तर चिखलात चोच खुपसून बसलेला पक्षी 'नुसता बसलेला' नसतो, तो टाकी भरतोय. त्याला एकदा उडवलं की भरलेलं थोडं जळतं आणि खाण्याचा वेळही जातो. तुमच्या मित्राने एकदा उडवलं, मग दुसरा कुणीतरी आला, मग कुत्रं आलं, आणि भरतीमुळे खायला दिवसात मोजके तासच मिळत होते, त्यातला एक गेला. वसंतात याचा फटका जास्त बसतो कारण या दिवसांत पक्षी घाईत असतो, परतीचा प्रवास बऱ्याच जातींमध्ये जाण्याच्या प्रवासापेक्षा कमी दिवसांत उरकतो, जो लवकर पोचतो त्याला विणीची चांगली जागा मिळते, म्हणूनच अनेक जातींत नर माद्यांच्या आधी पोचतात. उशिरा निघालेल्या किंवा अर्ध्या टाकीवर निघालेल्या पक्ष्याचं नुकसान तुम्हाला मला दिसत नाही, ते कुठेतरी समुद्रावर किंवा टुंड्रात, म्हणजे ध्रुवाजवळच्या झाडं नसलेल्या थंड प्रदेशात होतं.

माझा नियम अगदी सोपा आहे: पक्ष्याने खाणं थांबवलं की मी थांबते. मान वर आली, अंग ताठ झालं, एकाने इशाऱ्याची हाक दिली, की तुम्ही आधीच जास्त जवळ गेलेल्या आहात, दोन पावलं मागे या आणि बसा. बसणं महत्त्वाचं आहे. उभा माणूस चालत आला की पक्षी सरकतो, पण बसलेला माणूस अर्ध्या तासात त्यांच्यासाठी दगडासारखा होतो आणि मग तेच चरत चरत जवळ येतात. फोटोही त्याचेच चांगले येतात, कारण त्यात पक्षी काहीतरी करत असतो, पळत नसतो. आणि मोबाइलवर त्याची हाक वाजवून त्याला झुडपातून बाहेर काढणं हेही त्यातलंच, दमून उतरलेल्या पक्ष्याला खोट्या शत्रूशी भांडायला लावणं ते, करू नका.

प्रश्न: काल सकाळी आमच्या काचेवर एक छोटा हिरवट पक्षी आपटला आणि खाली पडला. पाणी पाजायचा प्रयत्न केला पण गेला बिचारा. काय करायला हवं होतं?

उत्तर: वाईट वाटलं वाचून. तुमचा दोष नाही, आपटल्यावर आत रक्तस्राव झाला असेल तर काहीच करता येत नाही. पण पुढच्या वेळेसाठी, पाणी पाजू नका, बेशुद्ध पक्ष्याच्या चोचीत घातलेलं पाणी फुफ्फुसात जातं. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाला मऊ कापड, पक्षी आत ठेवा, झाकण लावा आणि शांत अंधाऱ्या जागी ठेवून द्या. सारखं उघडून बघू नका. तास-दोन तासांनी खोका बाहेर मोकळ्यावर नेऊन उघडा, शुद्धीवर आला असेल तर उडून जाईल. नाही उडाला तर पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांकडे न्या.

काचेत त्याला आकाश किंवा झाड दिसतं म्हणून तो आपटतो. एखादं शिकारी पक्ष्याचं स्टिकर मधोमध लावून उपयोग होत नाही, ठिपके किंवा रेघा पूर्ण काचेवर बाहेरच्या बाजूने आणि दोन-दोन इंचांवर लागतात. आणि मार्च-एप्रिलमध्ये रात्री गच्चीवरचे, बाहेरचे मोठे दिवे बंद ठेवा. रात्री उडणारे पक्षी प्रकाशाकडे ओढले जातात आणि त्याच्याभोवती फिरत राहतात. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या स्मरणार्थ आकाशात सोडतात त्या दिव्यांच्या झोतांवर याचा अभ्यास झालाय, झोतात हजारो पक्षी जमतात आणि दिवे वीसेक मिनिटं बंद केले की ते पांगून आपल्या वाटेला लागतात. इतकं लगेच.

प्रश्न: बायनॅक्युलर ८ चं घेऊ की १० चं?

उत्तर: ८ बाय ४२. दहाचं हातात जास्त हलतं आणि दिसणारा भागही लहान असतो, झुडपात उड्या मारणारा वटवट्या सापडेपर्यंत निघून जातो. ८ म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसतो ते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, पहाटेच्या कमी उजेडात तो कामाला येतो. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवून बायनॅक्युलर डोळ्यांपाशी आणा, नजर खाली नेऊ नका, पंधरा दिवस सराव केला की जमतं.

प्रश्न: मी साधी गृहिणी आहे, शास्त्र शिकलेली नाही. खिडकीतून आणि फिरायला गेल्यावर जे दिसतं ते वहीत लिहिते. मुलगा म्हणतो आता अ‍ॅप असताना वही कशाला. माझ्या नोंदींचा कुणाला उपयोग होईल का?

उत्तर: होईल, आणि मी हे मन राखायला म्हणत नाहीये.

इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये रॉबर्ट मार्शम नावाचा एक जमीनदार होता. १७३६ मध्ये त्याने वसंताच्या खुणा लिहायला घेतल्या, पहिली भिंगरी कधी दिसली, पहिला कुक्कू कधी बोलला, कुठल्या झाडाला पालवी कधी फुटली. तो गेल्यावर त्याच्या घराण्यातल्या लोकांनी ते चालू ठेवलं, थेट १९५८ पर्यंत. पुढे हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्यांना या नोंदी म्हणजे खजिनाच मिळाला, कारण दोनशेहून जास्त वर्षांचा वसंत असा लिहिलेला फार कमी ठिकाणी सापडतो. त्यातल्या कुणालाही लिहिताना माहीत नव्हतं की हे कशासाठी लागणार आहे.

आणि आज ते फार लागतंय. नेदरलँड्समधल्या पाइड फ्लायकॅचर या छोट्या किडे खाणाऱ्या पक्ष्यावरचा २००१ चा अभ्यास बघा, हा पक्षी आफ्रिकेत हिवाळा काढतो, निघायची वेळ त्याला दिवसाच्या लांबीवरून कळते आणि दिवसाची लांबी काही बदलत नाही. पण तिकडे युरोपात वसंत लवकर यायला लागला, झाडांवरच्या अळ्या लवकर येऊन लवकर संपायला लागल्या. पक्षी ठरलेल्या वेळी पोचतो, पोचल्यावर अंडी घालायची घाई करतो, तरी पिल्लांच्या तोंडी अळ्या पुरेशा वेळेवर पडत नाहीत. ही चुकामूक कुणालातरी तारखा सापडल्या म्हणूनच कळली.

वही चालूच ठेवा. तारीख, वेळ, जागा, वारा कुठून, किती पक्षी, आणि दिसला नाही तर 'दिसला नाही' हेही लिहा, हे सगळ्यात जास्त लोक विसरतात. पहिला कधी दिसला हे सगळे लिहितात, शेवटचा कधी दिसला हे लिहायला रोज बघावं लागतं, कारण तो शेवटचा होता हे नंतरच कळतं, आणि रोज खिडकीत उभं राहणाऱ्या बाईइतकं ते कुणीच नीट करू शकत नाही. मुलाला सांगा, महिन्यातून एकदा वहीतलं ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवून दे, ते २००२ मध्ये सुरू झालं, आता जगभरचे लोक तिथे नोंदी टाकतायत आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात. अ‍ॅप आवाजावरून पक्षी सांगतं त्यावर मात्र डोळे मिटून नोंद करू नका, पक्षी दिसेपर्यंत ती पेन्सिलीत ठेवा.

प्रश्न: मी चौथीत आहे. आमच्या शाळेच्या मैदानावर एक पांढरा धोबी रोज यायचा. आता तो येत नाही. बाई म्हणाल्या तो त्याच्या देशात गेला. पुढच्या वर्षी येईल तो तोच असेल का?

उत्तर: तोच असू शकतो! धोबी हिवाळ्यातली आपली जागा लक्षात ठेवतात आणि जगले वाचले तर बरेचदा त्याच जागी परत येतात.

हे माणसांना कळायला फार वेळ लागला बरं का. पूर्वी युरोपात काही लोकांना वाटायचं की पक्षी हिवाळ्यात चिखलात लपून झोपतात. मग १८२२ मध्ये जर्मनीत एक पांढरा करकोचा सापडला, त्याच्या मानेत आरपार लांब भाला अडकलेला होता आणि तो भाला आफ्रिकेतला होता! म्हणजे तो बिचारा भाल्यासकट आफ्रिकेतून उडत परत आला होता. तो करकोचा रोस्टॉक विद्यापीठात अजूनही ठेवलाय. नंतर १८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या हान्स मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकांनी पक्ष्यांच्या पायात अ‍ॅल्युमिनियमची हलकी कडी घातली, त्यावर नंबर आणि पत्ता, म्हणजे कुणाला पक्षी मिळाला तर तो कुठला ते कळेल. आता जगभर अशी कडी घालतात, त्यासाठी शिकावं लागतं आणि परवानगी लागते, आपण आपलं पकडायचं नाही.

तुझ्या धोब्याच्या पायात कडं होतं का आठवून बघ. पुढच्या वेळी दिसला की आधी पाय बघायचे, डावा का उजवा, कड्याचा रंग कोणता, काही अक्षरं दिसतात का, आणि मोठ्या माणसाकडून कळवायचं. कडं नसेल तर मैदानात तो कुठे बसतो ते बघ, मागच्या वर्षीच्याच कोपऱ्यात, त्याच वेळेला आला तर तोच असण्याची शक्यता बरीच आहे. आत्ता मात्र एक काम लगेच कर, तो शेवटचा कोणत्या दिवशी दिसला ते मैत्रिणींना विचारून नक्की कर, वहीत ती तारीख लिही, आणि खालची ओळ तो परत येईल त्या तारखेसाठी मोकळी ठेव.